पाटी, क्रेट आणि पोटातलं बाळ : सीझन सुरू व्हायच्या आधी घरात बोलून घ्यायची गोष्ट



३१ जुलैला बंदी संपते. जाळी तुणून झालीत, इंजिनांची कामं उरकत आलीत, खलाशी गावाहून परतायला लागलेत. एकदा का पहिल्या बोटी सुंगटं घेऊन धक्क्याला लागल्या, की पुढचे दोन महिने कुणाला मान वर करायला फुरसत नसते. तेव्हा कुणी काही सांगितलं तरी ऐकायला येत नाही. म्हणून हे आत्ता लिहीत आहोत.

आपल्या पेजवर आम्ही डिझेलच्या कोट्याबद्दल लिहितो, हवामानाचे इशारे टाकतो, जाळ्याच्या अनुदानाचे फॉर्म कधी भरायचे ते सांगतो. गरोदर बायकांबद्दल आजवर एकदाही लिहिलेलं नाही. विषय बायकांचा आहे, त्यांचं त्या बघतील, असं आपण पुरुष मंडळी धरून चालतो. पण मासळी समुद्रातून आणली पुरुषांनी तरी धक्क्यावरून बाजारात आणि बाजारातून गिऱ्हाइकाच्या पिशवीत नेतात त्या बायकाच. वजन त्यांच्या डोक्यावर असतं. त्यातली एखादी पोटुशी असते तेव्हाही वजन तेवढंच असतं.

किती असतं हे वजन? आम्ही संस्थेच्या काट्यावर मुद्दाम मोजून बघितलं. बांगड्याने भरलेला, वर बर्फ मारलेला प्लास्टिकचा क्रेट ३४ किलो. बाजारात न्यायची पाटी, नेहमीसारखी भरलेली, २२ किलो. बर्फाच्या चुऱ्याची गोणी ३८ किलो. घरातल्या वस्तूंशी ताडून बघा. गॅसचा भरलेला सिलेंडर साधारण ३० किलोचा असतो, आत १४.२ किलो गॅस आणि बाकीचं लोखंड. म्हणजे आपला एक क्रेट सिलेंडरहून जड. गरोदर सुनेला सिलेंडर उचलताना बघितलं तर कुठलीही सासू ओरडेल. क्रेट उचलताना मात्र कुणाच्या लक्षातही येत नाही, कारण ते रोजचं झालंय.

आता मुद्द्याचं. गरोदरपणात जड उचललं तर नेमकं काय होतं?

पहिली गोष्ट सांध्यांची. बाळंतपणासाठी कंबरेची हाडं थोडी सैल व्हावी लागतात, म्हणून शरीरात रिलॅक्सिन नावाचं संप्रेरक तयार होतं. ते सांधे धरून ठेवणारे बंध ढिले करतं. फक्त कंबरेचे नाही, गुडघे, घोटे, सगळ्यांवरच कमीजास्त परिणाम होतो. दोर सैल सोडलेल्या होडीत माल भरल्यासारखं आहे हे. जे वजन मागच्या वर्षी सहज उचललं, तेच यंदा कंबरेत उसण भरवतं. बऱ्याच जणींना ओटीपोटाच्या खाली, मांड्यांच्या सांध्यात कळा येतात, जिना चढताना, कुशीवर वळताना जीव जातो. ते दुखणं बाळंतपणानंतरही महिनोन् महिने रेंगाळू शकतं.

दुसरी गोष्ट तोलाची. पोट पुढे आलं की शरीराचा तोल पुढे सरकतो, तो सावरायला बाई कंबर मागे टाकून चालते. आणि वजन अंगाशी धरता येत नाही, मध्ये पोट असतं. हात लांब करून धरलेलं दहा किलो पाठीला दहापेक्षा कितीतरी जास्त वाटतं. जाळं ओढणाऱ्या कुणालाही हे समजावून सांगायला नको. त्यात आपला धक्का म्हणजे खवले, पाणी, बर्फ आणि शेवाळ. धडधाकट माणूस घसरतो तिथे. पोटावर पडणं हा गरोदर बाईसाठी सगळ्यात मोठा धोका. मार जोराचा लागला तर वार गर्भाशयापासून सुटून रक्तस्राव सुरू होऊ शकतो. पायांपुढचं नीट दिसत नाही, डोक्यावर पाटी, आणि धक्क्याच्या पायऱ्या कशा आहेत ते आपण जाणतोच.

तिसरी गोष्ट पोटातल्या दाबाची. वजन उचलताना आपण श्वास कोंडतो, पोट आवळतो, आतला दाब वाढतो. कधीमधी झालं तर शरीर सांभाळून घेतं. दिवसात पन्नास वेळा, तेही वाकून जमिनीवरून उचलणं, हे वेगळं. वारंवार जड उचलणाऱ्या बायकांमध्ये गर्भपात आणि दिवस भरण्याआधी बाळंत होण्याचं प्रमाण काहीसं वाढलेलं अभ्यासांत दिसतं. काहीसं, हा शब्द आम्ही मुद्दाम वापरतो आहोत. एकदा पाटी उचलली आणि बाळ गेलं, असं सरळ गणित नाही. घाबरवायचा आमचा हेतू नाही.

उलट एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो, कारण आपल्या समाजात याचा फार त्रास झालेला आहे. पहिल्या तीन महिन्यांत जे गर्भ पडतात, त्यातल्या साधारण निम्म्या वेळा कारण गर्भाच्या गुणसूत्रांतच दोष असणं हे असतं. आईने काय उचललं, काय खाल्लं, कुठल्या वेळी बाहेर गेली, याचा त्याच्याशी काही संबंध नसतो. तेव्हा कुणाच्या घरी असं झालं तर "तूच बादली उचललीस" असं त्या पोरीला ऐकवू नका. आधीच ती खचलेली असते. काळजी घ्यायची ती आधी, दोष द्यायला नंतर नाही.

मग किती वजन चालेल? हा प्रश्न महिला सभासदांनी आम्हाला विचारला आणि तो योग्यच आहे, कारण "जड उचलू नका" एवढं सांगून कुणाचं घर चालत नाही. अमेरिकेत नायोश म्हणून कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणारी सरकारी संस्था आहे. तिथल्या तज्ज्ञांनी २०१३ साली याचे आकडे मांडले. गरोदरपण सुरळीत आहे, डॉक्टरांनी काही बंधन घातलेलं नाही, अशा बाईसाठी ते आहेत. अधूनमधून, म्हणजे पाच मिनिटांत एकदाहून जास्त नाही इतकं उचलायचं असेल तर २० आठवड्यांपर्यंत साधारण १६ किलो, त्यानंतर १२ किलो. पण काम एकसारखं उचलण्याचं असेल आणि दिवसातून तासाहून जास्त चालणारं असेल तर २० आठवड्यांपर्यंत ८ किलो आणि पुढे ६ किलो. हे सगळं वजन अंगाशी धरून, कंबरेच्या उंचीवर उचललं तर. हात लांब करावे लागले की आकडा आणखी खाली येतो.

आता यातली खरी गोम बघा. त्याच तज्ज्ञांनी दोन गोष्टी साफ नको म्हटल्यात. एक, नडगीच्या मध्याखालून, म्हणजे जवळजवळ जमिनीवरून उचलणं. दोन, डोक्याच्या वर नेणं. आणि आपल्या बायका काय करतात? जमिनीवरची पाटी उचलून थेट डोक्यावर घेतात. जे दोन टोकांना नको सांगितलंय, ते दोन्ही आपण एकाच हिसक्यात करतो, तेही २२ किलो घेऊन. दिवसातून किती वेळा ते ज्याचं त्याने मोजावं.

यावर एक उत्तर ठरलेलं असतं. गेल्या बैठकीत ते मिळालंच. आमच्या एका ज्येष्ठ सभासदांनी उभं राहून सांगितलं, "आमच्या आवशीन नववो म्हयनो लागलो तरी पाटी सोडूक नाय. आमी सात भावंडां जगलंव मां?" जगलात, काका, आणि तुमच्या आवशीला आमचा नमस्कार. पण त्याच पिढीतल्या म्हाताऱ्यांना एकेकटीला विचारून बघा, किती पोरं झाली आणि किती राहिली. आमच्या संस्थेतल्या तीन-चार आज्यांना आमच्या महिला संचालकांनी असंच विचारलं. ज्या जगल्या त्यांच्या गोष्टी चव्हाट्यावर सांगितल्या जातात. जी सातव्या महिन्यात झाली आणि रात्रीत गेली तिचं नावही ठेवलेलं नसतं, तिची गोष्ट कोण सांगणार? आणि कंबर धरून वाकून चालणाऱ्या आज्या प्रत्येक वाड्यावर आहेत. ते काही नुसतं वय नव्हे.

दोन सीझनमागचा प्रसंग बऱ्याच जणांना माहीत आहे. घरच्यांना विचारून, नाव न घेता लिहीत आहोत. आपल्या एका सभासदाची सून, सातवा सरत आलेला. नवरा ट्रॉलरवर तांडेल, चार दिवसांच्या फेरीला गेलेला. त्या दिवशी तारल्यांचा मोठा माल आला, भाव पडायच्या आत बाजारात पोचवायचा म्हणून घाई. तिने दोघींबरोबर टेम्पोत क्रेट चढवले, किती ते तिलाही आठवत नाही. दुपारी पोट टणक व्हायला लागलं. थोडा वेळ टणक, मग सैल, मग परत टणक. तिला वाटलं उन्हामुळे. पाणी प्यायली नव्हती सकाळपासून, कारण बाजारात संडास धड नाही आणि पाणी प्यायलं की जावं लागतं. विक्री संपवून, हिशेब करून ती घरी आली तेव्हा अंगावरून पाणी जायला लागलं होतं. शेजारच्या वहिनींनी १०८ ला फोन केला. रात्री बाळ झालं, ३२ आठवड्यांचं. ते तीन आठवड्यांहून जास्त काचेच्या पेटीत होतं. नवऱ्याला दोन दिवस फोन लागला नाही, रेंजमध्ये आला तेव्हा कळलं.

पोरगा आज धक्क्यावर पळतो, दृष्ट लागण्यासारखा आहे. पण ते आठवडे त्या घराने कसे काढले हे आम्ही जवळून बघितलंय. डॉक्टरांनी क्रेट उचलल्यामुळेच हे झालं असं काही सांगितलं नाही, तसं कुणालाच छातीठोक सांगता येत नाही. त्यांनी एवढंच विचारलं की पोट पहिल्यांदा टणक झालं तेव्हा का आला नाहीत. उत्तर होतं, मासळी संपायची होती.

म्हणून पुढचं नीट वाचा आणि घरात वाचून दाखवा. दिवस भरायच्या आधी पोट ठरावीक वेळाने टणक होत असेल, कंबरेतून पुढे कळा येत असतील, अंगावरून रक्त किंवा पाणी जात असेल, बाळाची हालचाल कमी झाली असेल, पोटावर मार बसला असेल, तर मासळी तिथेच टाकून दवाखाना गाठायचा. थांबून बघायचं नाही. डोकं फार दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, तोंडावर सूज, हे रक्तदाब वाढल्याचं लक्षण असू शकतं, त्यालाही तोच नियम. १०८ ला पैसे लागत नाहीत. आणि टाकलेल्या मासळीची काळजी शेजारचीने घ्यायची, बाजारात आपण एवढं तरी एकमेकींसाठी करतोच.

काही जणींनी तर मुळीच वजन उचलायचं नाही. ज्यांचं आधीचं बाळ दिवसांआधी झालं, ज्यांना जुळं आहे, ज्यांची वार खाली आहे, गर्भाशयाचं तोंड आखूड आहे किंवा टाका घातलाय, या खेपेला रक्त गेलंय. त्यांच्यासाठी वरचे किलोचे आकडे नाहीत, त्यांचे डॉक्टर सांगतील तेच. हे सोनोग्राफीशिवाय आणि तपासणीशिवाय कळत नाही. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, २०१६ पासून सुरू आहे. ९ तारखेला मासळी जास्त आली म्हणून तपासणी चुकवू नका. तिथेच रक्तही तपासून घ्या. आपल्या देशात निम्म्याहून जास्त गरोदर बायकांच्या अंगात रक्त कमी असतं, आणि रक्त कमी असलेली बाई डोक्यावर पाटी घेऊन उन्हात उभी राहिली तर चक्कर यायला वेळ लागत नाही. लोहाच्या गोळ्या फुकट मिळतात. पोटात मळमळतं म्हणून कपाटात साठवून ठेवू नका.

आणि पाणी प्या. लघवी तुंबवून धरल्याने जंतुसंसर्ग होतो, त्यानेही कळा लवकर येऊ शकतात. बाजारातल्या संडासाबद्दल संस्थेने दोन अर्ज दिलेत, तिसरा लिहिलाय. तोवर बाजारामागच्या दोन घरांनी आपल्या बायकांना दार उघडं ठेवलंय, त्यांचे जाहीर आभार.

याचा अर्थ गरोदर बाईने खाटेवर बसून राहावं असा नाही. चालणं, घरकाम, बाजारात बसून विकणं, यात काही वावगं नाही, उलट हलतं राहिलेलं बरं. बदलायचं आहे ते उचलण्याचं काम. पाटी अर्धी करा, दोन फेऱ्या मारा. क्रेट जमिनीवर न ठेवता दुसऱ्या उलट्या क्रेटवर ठेवा, म्हणजे वाकावं लागत नाही. उचलायचंच असेल तर पाय फाकवून गुडघ्यात वाकायचं, कंबरेत नाही. वजन अंगाला चिकटवून धरायचं, उचलताना श्वास सोडायचा, आणि वळायचं असेल तर कंबर न पिळता पाय वळवायचे. सकाळभर पाटावर उकिडवं बसण्यापेक्षा उंच स्टूल घ्या. सपाता घालून धक्क्यावर येऊ नका, मागे पट्टा असलेली रबरी चप्पल घाला. घरात मोठं पोर असेल तर त्याला कडेवर घेण्याऐवजी बसून मांडीवर घ्या. दोन वर्षांचं पोर अकरा-बारा किलोचं असतं, ते वजन आपण वजनात धरत नाही. पाण्याची पंधरा लिटरची बादलीही बादलीसकट सोळा किलोच्या घरात जाते.

बोटमालकांसाठी थोडं वेगळं. तुमच्या बोटीवरची मासळी निवडायला, बर्फ मारायला ज्या बायका रोजंदारीवर येतात, त्यातल्या बऱ्याच बाहेरून आलेल्या आहेत, इथे त्यांचं कुणी नाही. त्या सांगणार नाहीत पोटात आहे म्हणून, कारण सांगितलं की उद्यापासून येऊ नको म्हणाल ही भीती. १९६१ साली मातृत्व लाभ कायदा झाला तेव्हाच त्यात लिहिलं गेलं, की बाळंतपणाआधीच्या ठरावीक काळात बाईने मागणी केली तर तिला कष्टाचं किंवा तासन् तास उभं राहायचं काम देता येणार नाही, आणि बाळंतपणानंतर सहा आठवडे तिला कामावर घेताच येणार नाही. २०१७ मध्ये पगारी रजा २६ आठवड्यांची झाली. पण हे सगळं नोकरीत असलेल्यांसाठी. धक्क्यावरची रोजंदारीची बाई आणि स्वतःची पाटी घेऊन बसणारी आपली वहिनी, दोघीही त्यातून निसटतात. कायदा पोचत नाही तिथे मालकाची माणुसकी पोचली पाहिजे. तिला निवडण्याचं काम द्या, टेबलाशी, बसून, तोच रोज देऊन. क्रेट ओढायला खलाशी आहेत. एका क्रेटचा फरक तुमच्या हिशेबात पडत नाही.

पैशाचा विषय निघालाच आहे तर, प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५००० रुपये आणि दुसरी मुलगी झाली तर ६००० रुपये मिळतात. बँक खातं आणि आधार लागतं, अर्ज अंगणवाडीत. बुडालेल्या रोजाची भरपाई यातून होत नाही, पण बुडालेले काही दिवस निघतात. फॉर्म भरायला संस्थेच्या कार्यालयात मदत मिळेल.

राहिली बाळंतपणानंतरची गोष्ट, जिच्याबद्दल बायका आपसातही हळू आवाजात बोलतात. अंग बाहेर येणं. बाळंतपणात ओटीपोटाचे स्नायू ताणलेले असतात, ते परत घट्ट व्हायला आठवडे लागतात. त्या काळात जड उचललं तर गर्भाशय खाली सरकायला लागतं. लगेच कळत नाही. दहा-पंधरा वर्षांनी खाली ओढल्यासारखं वाटतं, खोकताना लघवी होते, मग एक दिवस हाताला लागतं. नेपाळात डोंगरातल्या बायका बाळंतपणानंतर लगेच ओझी वाहतात, तिथे हा आजार इतका आहे की सरकारला शस्त्रक्रियांच्या मोहिमा घ्याव्या लागल्या. आपल्याकडे सव्वा महिन्याचा विटाळ पाळत, त्यात बाकी काही असो, बाईला उचलायला कुणी लावत नसे. आता विटाळ गेला ते बरंच झालं, पण त्याबरोबर आरामही गेला. पंधराव्या दिवशी बाजारात बसलेल्या आम्ही बघितल्यात. ज्यांना हा त्रास आहे त्यांनी लाजू नका, दवाखान्यात यावर व्यायामापासून शस्त्रक्रियेपर्यंत उपाय आहेत. सिझेरियन झालेल्या बायकांनी तर डॉक्टर सांगेपर्यंत बाळापेक्षा जड काही उचलू नये.

हे सगळं वाचून पुरुष मंडळी म्हणतील, आम्ही समुद्रावर, घरी उचलणार कोण? प्रश्न खोटा नाही. म्हणून संस्थेच्या बैठकीत ठरलं ते असं. चार चाकांच्या दोन हातगाड्या घेतल्या आहेत, त्या आधी गरोदर आणि नुकत्याच बाळंत झालेल्या बायकांसाठी, मग बाकीच्यांसाठी. लिलावानंतर त्यांचा माल टेम्पोपर्यंत न्यायला दोन मुलगे असतील, त्यांचा रोज संस्था देईल, हा सीझनभर. वजनकाट्यापाशी एक उंच बाक टाकला आहे, पाट्या त्यावर ठेवायच्या, खाली नाही. तिथे बसून विड्या ओढणाऱ्यांनी कृपया दुसरी जागा बघावी.

ज्यांच्या घरी कुणी गरोदर आहे त्यांनी नारळी पौर्णिमेच्या आत आमच्या महिला संचालकांना सांगावं. वहीत फक्त नाव आणि कितवा महिना एवढंच लिहिलं जाईल, वही त्यांच्याकडेच राहील. रोजंदारीवरच्या बायकांनीही सांगावं, सभासद असण्याची अट नाही. हातगाड्यांच्या कुलपाची चावी काट्याच्या खणात आहे, पहाटे चारपासून कुणीतरी तिथे असतं.